सारखा पडणारा स्विच

बाळाला मांडीवर थोपटत मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी चिखलाने भरलेल्या बुटांतला एक वायरमन आणि त्याच्या सोबत्याची बायको. तो सोबती आत होता. बांधकामावर ड्रिल मशीन चालवताना त्याला शॉक बसला होता.

"वहिनी, घोटभर पाणी तरी घ्या."

"आधी सांगा भाऊजी, शॉक लागला की आपोआप पडतो, तसला स्विच होता ना तिथे?"

"होता. सकाळपासून सारखा पडत होता. दर वेळी काम थांबायचं आणि सगळे माझ्यावर खेकसायचे."

"मग?"

"आत आहे तो आपला दादाच म्हणाला, 'त्याची कटकट मिटव, थेट जोड.' जोडलं मी."

"बिघडलाच होता ना तो?"

"नाही हो. वायर पाण्यात होती, करंट गळत होता. म्हणून पडत होता."

"आमच्या घरचाही पडायचा. गीझर लावला की पडायचा. परवा यांनीच तो काढून थेट जोडलंय."

"घरी कोण आहे आत्ता?"

"मुली. मोठीला सांगून आलेय, धाकटीला अंघोळ घाल म्हणून."

"फोन लावा. वहिनी, आधी फोन लावा!"

"वाजतोय."

"म्हणावं, नळालासुद्धा हात लावू नका."

"वाजतोय नुसता. उचल गं बाळा. उचल."