उजवीकडे, वर

नवरा : दुर्बीणच बसवा मिस्त्री. ती मोठी, काचेत फुली असते ती. हिच्या हातात साधी रायफल देऊन काही उपयोग नाही, मी सांगतो ना तुम्हाला.

बायको : मिस्त्रींनी मला विचारलं होतं.

नवरा : अगं, तुझ्याच भल्याचं बोलतोय. शनिवारी परवान्याची चाचणी. पाचातल्या तीन गोळ्या निशाणाच्या थाळीत बसल्या नाहीत तर रायफल जमा. आणि एकदा जमा झाली की परत बघायला नको, नळी कापून भंगारात टाकतात.

बायको : रायफल माझ्या बाबांची आहे. कुठे जाईल ते मला माहीत आहे. म्हणूनच आलेय.

नवरा : माझा खांदा धड असता तर नेहमीसारखी मीच दिली असती चाचणी. पण डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर वर्षभर धक्का नको.

मिस्त्री : साहेब, हे तुम्ही आल्या आल्या सांगितलंत. दारातही सांगितलंत. आता ताईंशी बोलू द्या. हां ताई, दुर्बीण बसवायची तर वरच्या लोखंडाला चार भोकं पाडावी लागतील. ही रायफल बनली त्या काळी दुर्बिणीचा विचार कोणी केला नव्हता. सत्तर वर्षांनी गोळी भरायचा बोल्ट अजून लोण्यासारखा सरकतोय. पण एकदा भोक पाडलं की पाडलं.

बायको : भोक पाडायचं नाही.

नवरा : अगं पण नेम...

बायको : नाही म्हटलं ना.

मिस्त्री : मग दोनच गोष्टी उरतात. एक तर नेम धरायची आहे ती साइट ठेवायची. मागे खाच, पुढे नळीच्या टोकावर ही बारीक माशी. नाहीतर मागे खाचेऐवजी चकती, मधे छोटंसं भोक. ती बाजूच्या जुन्याच स्क्रूवर बसते. पन्नाशीनंतरच्या डोळ्यांना बरी पडते.

नवरा : डोळ्यांचं काय घेऊन बसलात? चष्मा न लावता सुईत दोरा ओवते ही. खोट हातात आहे. हिची गोळी नेहमी उजवीकडे, वर. तीस वर्षं सांगतोय. सगळ्या पाहुण्यांना ठाऊक आहे.

बायको : ठाऊक असणारच. प्रत्येक जेवणाला तुम्ही सांगता. ‘हिच्या उजव्या हाताला बसू नका, जिवावर बेतेल.’ ऐकून ऐकून कान किटले माझे.

नवरा : चेष्टा कळत नाही का तुला?

मिस्त्री : एक मिनिट. ताई, नेहमीच उजवीकडे आणि वर? कधी डावीकडे, कधी खाली, असं नाही?

बायको : नाही. पाचही गोळ्या एकमेकींना चिकटून पडायच्या. जागा तेवढी चुकीची.

मिस्त्री : हात चुकणाऱ्याच्या गोळ्या चिकटून पडत नाहीत. त्या चारी दिशांना जातात.

नवरा : असं काही नसतं हो. माझ्या नाही लागत बरोबर? याच रायफलीतून? दर चाचणीला पाचवर पाच!

मिस्त्री : साहेब, हात जोडतो. ते तिथे स्टूल आहे. त्यावर बसा आणि मी हाक मारीपर्यंत एक शब्द बोलू नका.

(दुकानामागचं आवार. शंभर पावलांवर कागद लावला आहे. मिस्त्री रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवतो आणि तीन गोळ्या झाडतो.)

मिस्त्री : ताई, जाऊन बघा कागद.

बायको : उजवीकडे. वर.

मिस्त्री : तिन्ही?

बायको : तिन्ही.

नवरा : म्हणजे तुमचाही हात...

मिस्त्री : चाळीस वर्षं हाच धंदा करतोय साहेब. माझ्या हाताला नावं ठेवू नका. आणि पिशवीला तर हातच नसतो. या ताई, इकडे उजेडात या. या मागच्या खाचेवर कारखान्याने एक रेघ मारलेली आहे. खालच्या लोखंडावर दुसरी. दोन्ही समोरासमोर हव्यात. आहेत?

बायको : नाहीत. वरची उजवीकडे सरकलीय.

मिस्त्री : सरकली नाही, सरकवलीय. हा बघा हातोडीचा ठोका. कारागीर मधे पितळेचा तुकडा धरतो. इथे सरळ लोखंडावर लोखंड मारलंय. आणि ही पुढची माशी वरून कानशीने घासलीय. जुनं काम आहे, घासलेली जागा काळी पडलीय. हे ज्याने केलं, त्याची गोळी डावीकडे आणि खाली जात असणार. चाप ओढताना हिसका देणारा माणूस. हात सुधारायचा सोडून त्याने साइटच आपल्या चुकीला जुळवून घेतली. मग सरळ मारणाऱ्याची गोळी कुठे जाणार?

बायको : उजवीकडे. वर.

मिस्त्री : अगदी.

बायको : अहो.

नवरा : माझ्याकडे काय बघतेस?

बायको : बाबांनी लग्नात दिल्यापासून ही रायफल दुसऱ्या कोणाच्या हातात गेली होती?

नवरा : असेल कोणी. दुरुस्तीला वगैरे...

बायको : कधीच गेली नाही. आणि कानस तुमच्या पेटीत असते.

नवरा : किती जुनी गोष्ट उकरून काढतेस! लग्नाला महिना झाला नव्हता. तुझ्या बाबांनी आपल्याला नेमबाजीला नेलं होतं, आठवतं? तुझ्या पाचही आत. माझी एकसुद्धा नाही. ते काही बोलले नाहीत, नुसतं पाठीवर थोपटलं. लहान मुलाला थोपटतात ना, तसं. फार लागलं मला. पुढच्या रविवारी परत जायचं होतं. म्हटलं, थोडीशी सरकवू.

बायको : थोडीशी.

नवरा : माझ्या लागल्या, तुझ्या चुकल्या. सगळे हसले. मला वाटलं होतं, नंतर सरळ करून ठेवीन.

बायको : नंतर म्हणजे कधी? तीस वर्षं झाली!

नवरा : चार-पाच रविवारांनंतर तू रायफल मागितलीच नाहीस.

बायको : कशाला मागू? तोंडावर आपटायला? बाबा शेवटपर्यंत हळहळत होते, पोरीचा हात गेला म्हणून. संसारात पडली आणि हात गेला. मला वाटायचं, मीच त्यांना खाली बघायला लावलं. आणि तुम्ही तिथेच बसलेले असायचात. मान हलवत!

नवरा : मी काय बोलणार होतो?

बायको : खरं बोलायचं होतं. एवढंसं वाक्य होतं.

मिस्त्री : हे बघा, बाकीचं घरी जाऊन करा. मला पाचला आवार बंद करायचंय आणि शनिवार काही पुढे जाणार नाही. ताई, घासलेली माशी परत वाढत नाही, ती नवी घालतो. मागे काय ठेवू? खाच की चकती?

बायको : चकती दाखवा. हे भोक तर अंधुक दिसतंय.

मिस्त्री : दिसू दे. भोकाकडे बघायचंच नाही, भोकातून बघायचं. नजर माशीवर ठेवा. ती भोकाच्या मधे डोळा आपोआप आणतो.

बायको : हां. आता स्पष्ट आहे. ही हातोडीने ठोकून सरकते?

मिस्त्री : छे. ही स्क्रूने सरकते, खटक्या-खटक्याने. आणि त्याची किल्ली वेगळी असते.

बायको : किल्ली किती?

मिस्त्री : एकच.

बायको : हीच बसवा. किल्ली माझ्या हातात द्या.

नवरा : म्हणजे उद्या मला रायफल चालवायची झाली तर?

बायको : हिसका न देता चाप ओढायला शिका.

मिस्त्री : अर्धा तास लागेल. आत चहा ठेवलाय, घ्या. आणि साहेब, चहा घेताना तरी सल्ला देऊ नका कोणाला.

—

मिस्त्री : झालं. आधी एक मारून बघा ताई. हं, कागदाला लागली, पण जरा डावीकडे. चकती दोन खटके उजवीकडे घेतो. आता पाच मारा. घाई नको.

नवरा : डावा कोपर आत घे.

मिस्त्री : साहेब!

नवरा : बरं, बरं.

मिस्त्री : एक. दोन. बोल्ट पूर्ण मागे घ्या, हां. तीन. चार. श्वास सोडा अर्धा. पाच. थांबा, मीच जातो बघायला.

बायको : किती?

मिस्त्री : पाचही आत. चहाच्या बशीत मावतील एवढ्या जवळ. शनिवारी निवांत जा तुम्ही.

नवरा : बघ! मी म्हणत नव्हतो, तुला जमेल म्हणून?

बायको : नाही. तसं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात.