आजाराचं नाव

१९४४ साली नगरच्या एका दवाखान्यात सोनईचा टाळकरी गोरक्षनाथ रांगेत उभा होता. थुंकीतून रक्त पडतं हे त्यानं घरीही सांगितलं नव्हतं. कळलं तर सप्ताहात कीर्तनकारबुवांच्या मागं त्याला कोण उभं करील? घसा बसलाय, एवढंच सांगायचं ठरवून तो आला होता. त्याच्यापुढं सासू-सुना बोलत होत्या.

"लंके, वैद्य क्षय म्हनाला ते हितं बोलू नगंस. नुसता खोकला सांग."

"का, आत्याबाई?"

"गावात कळंल. पानवठ्यावर घागर लावू देतील का कुनी तुला?"

"मग पानी तुमी आना."

"थट्टा सुचती व्हय गं?"

"हितं किल्ल्यात नेहरूंना कोंडलंय न्हवं? त्यांच्या कमलाबाईंना ह्योच आजार हुता. साऱ्या मुलखाला ठावं हाय."

"गेली की बिचारी. विलायतचे डाक्टर असून."

"गेल्या. पन लपवून मी वाचंन का? दोन लेकरं हायेत मला."

सासूनं पदरानं तोंड पुसलं.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

"लंकाबाई," सासूच पुढं सरली. "माझी सून हाय. क्षय हाय तिला. नीट लिव्हा."

"ते डॉक्टर ठरवतील, आजी."

"ठरवू द्या. आमी लपवीत न्हाई."

"बरं. पुढचा. तुम्हाला काय होतंय?"

अभंगाचं ध्रुपद उचलावं तशा मोकळ्या गळ्यानं गोरक्षनाथ म्हणाला, "थुंकीतून रक्त पडतंय. दोन महिने झाले."