चवीच्या वहीतली रिकामी ओळ

शिरूर अनंतपाळहून आलेल्या निर्मलाताईंच्या आई, ताईंचा भाऊ सिद्धार्थ, वसतिगृहातल्या मुलींनो, स्वयंपाकघरातल्या मावश्यांनो, समितीचे अध्यक्ष. आणि पहिल्या रांगेत बसलेले आपले तेलाचे पुरवठादार, शेठ. एवढ्या थंडीत ताईंच्या शोकसभेला सगळे आलात. मी वर्गात रोज चार-चार तास बोलते, पण आजचं बोलणं सकाळी कागदावर लिहून आणलं आहे. रडू येईल म्हणून नाही. राग येईल म्हणून.

मी इथली विज्ञानाची बाई. शाळा आणि मुलींचं वसतिगृह एकाच आवारात, त्यामुळे निर्मलाताई आणि मी बावीस वर्षं शेजारी. त्या वसतिगृहाच्या गृहपाल. गेल्या सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात छातीला हात लावून खाली बसल्या. किनवटच्या दवाखान्यातून गाडी येईपर्यंत गेल्या. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

माझ्या आधी शेठ बोलले. "ताई मला सख्ख्या बहिणीसारख्या होत्या," म्हणाले. "वसतिगृहासाठी कधीही बोलवा, मी रोज यायला तयार आहे," असंही म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं ना? लक्षात ठेवा. मला ते पुढे लागणार आहे.

अध्यक्ष, तुम्ही माझ्याकडे घाबरून बघू नका. मी भांडायला उभी नाही. मी सूड घ्यायला उभी आहे, आणि तो आवाज न चढवता घेणार आहे.

बाहेरून आलेल्यांना आधी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे नियम आहे. मुलींच्या ताटात अन्न पडण्याआधी गृहपालानं ते चाखायचं आणि चवीच्या वहीत लिहून सही करायची. बहुतेक ठिकाणी एक घास घेतात. काही ठिकाणी घासही घेत नाहीत, नुसती सही. ताई पूर्ण ताट जेवायच्या. वरण, भाजी, पुरी, जे असेल ते. दोन्ही वेळा. मी एकदा म्हटलं, अहो, एक घास पुरतो. तर म्हणाल्या, "बाई, पोरींच्या पोटात काय चाललंय ते एका घासात न्हाई कळत. माझ्या पोटात गेलं तरच कळंल."

बावीस वर्षं, शेठ. तुमच्या डब्यातलं तेल त्या बावीस वर्षांपैकी शेवटची सहा वर्षं.

मागच्या वर्षी ताईंनी नांदेडला रक्त तपासून घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तेलकट कमी करा म्हणाले. ताई रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही शिकवून राहिल्या ना हे सगळं पोरींना. मग सांगा, काय लिवलंय यात?" वाईट कोलेस्टेरॉल खूप वाढलं होतं. मी चष्मा पुसला आणि मोठ्या तोऱ्यात विचारलं, रोज काय खाता?

आता सिद्धार्थ, हे तुझ्यासाठी. तू दर दिवाळीला गावातल्या घाण्यावरून करडीच्या तेलाची बाटली आणायचास. तुझ्या बहिणीला ते तेल कच्चंच लागायचं. आईनं पाठवलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत खड्डा करायचा, त्यात तेलाची धार, वर भाकरी. मी ते ऐकलं आणि म्हटलं, अहो ताई, कच्चं तेल ओतून खाता? लगेच बंद करा. शेंगदाणे बंद. अंडी बंद. त्यांनी ऐकलं. विज्ञानाची बाई सांगतेय म्हटल्यावर ऐकणारच. पुरी आणि भजी बंद करा असं मी म्हटलं नाही, कारण तो मुलींचा स्वयंपाक होता आणि शेठच्या डब्यावर करडीच्या फुलाचं चित्र होतं. ओतलेलं तेल मला दिसलं. तळलेलं नाही दिसलं.

आणि ती बाटली त्यांनी कुणाला दिली, सिद्धार्थ? मला दिली. "वाया कशाला घालवायची, तुम्ही खा." मी खाल्ली. यंदाची पण खाल्ली. माझा रिपोर्ट चांगला आहे.

हे सांगताना मला लाज वाटते, आणि ती मला वाटत राहावी.

मुलींनो, आता धडा ऐका. हा तुम्हाला पाठ आहे. तुमच्या बाईला पाठ होता आणि तरी आला नाही. तेल म्हणजे मेदाम्लांच्या साखळ्या. संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ, त्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणून गारठ्यात गोठतात. असंपृक्त असतात त्यांना बाक असतो, त्या खेटून बसत नाहीत, म्हणून वाहत्या राहतात. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलायचं काम आपलं यकृत करतं. संपृक्त जास्त खाल्लं की यकृत ते कमी उचलतं आणि रक्तातला आकडा चढतो. पामतेलात ते भरपूर असतं. त्याच्या जागी करडीचं किंवा शेंगदाण्याचं तेल आलं की आकडा उतरतो. वनस्पती तुपात ट्रान्स मेदाम्लं असली तर दुहेरी मार, वाईट वाढतं आणि चांगलं घटतं. आणि अंडं? अंड्यानं बहुतेकांचा आकडा थोडाच हलतो. म्हणजे मी त्यांचं जे जे बंद केलं त्यातलं निम्मं त्यांना औषधासारखं होतं, आणि जे चालू ठेवलं त्यानंच आकडा चढत होता.

शेठच्या डब्यावर लिहिलेलं असतं, यात कोलेस्टेरॉल नाही. ते खोटं नाही, शेठ. कुठल्याच झाडाच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. विचारायचं असतं ते वेगळंच, की हे तेल माणसाच्या रक्तात काय वाढवतं. ते डब्यावर लिहीत नाहीत.

गेल्या महिन्यात किनवटला गारठा पडला. एका सकाळी मावशीनं डब्यात पळी घातली, तर पळी उभीच राहिली. ताईंनी मला बोलावलं. "बाई, हे तेल गोठून राहिलंय. आमच्या गावाकडं करडीचं तेल थंडीत असं कधी गोठलेलं पाह्यलं न्हाई मी." मी बघितलं आणि मला कळलं, डब्यावर फूल करडीचं आहे, पण आत बहुधा पामतेल आहे. मी त्यांना त्याच ओट्यावर सगळं सांगितलं, साखळ्या, बाक, यकृत. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे आयनं केलेली चटणी बरी व्हती?" मी हो म्हटलं. त्या हसल्या. "जाऊ द्या बाई. तुम्ही जाणून थोडीच केलंय. ज्यानं जाणून केलंय त्याला बोलू."

त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी शेठला फोन लावला. मी शेजारी उभी होते. शेठ म्हणाले, "ताई, थंडी हाय, सगळंच तेल गोठतं. तुम्ही गृहपाल हाव का डॉक्टर?" ताईंनी फोन ठेवला आणि चवीची वही उघडली. लिहिलं, आज तेल गोठले. सही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आज तेल गोठले. मुलींना त्यांनी उकडलेलं द्यायला लावलं, फोडणी आपल्या पैशानं आणलेल्या तेलाची. पण पुरावा म्हणून वहीत त्या तेलाची नोंद करून सही करायची तर त्या डब्यातलं चाखायलाच हवं, म्हणून रोज त्या तेलात एक पुरी तळून स्वतः खायच्या. अकरा दिवस. अकरा ओळी. बारावी ओळ रिकामी आहे.

शेठचा वकील विचारेल, त्या तेलानंच गेल्या कशावरून? बरोबर आहे. ते मी सिद्ध करू शकत नाही. कुणीच करू शकणार नाही. पण करडी सांगून काय विकलं, ते सिद्ध होतं. डब्यातला नमुना सील होऊन सरकारी प्रयोगशाळेत गेला आहे. वहीतल्या त्या अकरा ओळींची प्रत सोबत गेली आहे. ताईंची सही सोबत गेली आहे.

आता इकडे बघा. ताईंच्या फोटोसमोर मी दोन वाट्या ठेवल्या आहेत. फुलं नाहीत त्यांत. दोन्ही पहाटेपासून टाकीच्या कठड्यावर उघड्यावर होत्या. ही पहिली, सिद्धार्थच्या बाटलीच्या तळाशी उरलेली. कलती करते. बघा, वाहतंय. ही दुसरी, शेठच्या डब्यातली. ही मी पूर्ण उलटी करते.

पडलं काही?

मान वर करा, शेठ. बघा.

अध्यक्षांनी काल समितीत ठरवलं आहे, मुलींच्या स्वयंपाकात हे तेल परत पडणार नाही. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. पण सीलबंद नमुना काढल्यावर अर्धा डबा उरला आहे. तो मी फेकू दिला नाही. तो तुमच्यासाठी वेगळा ठेवला आहे. तुम्हीच म्हणालात, रोज यायला तयार आहे. या. रोज बारा वाजता या. त्या डब्यातलं तळलेलं खा, एक घास नाही, पूर्ण ताट, आणि वहीत सही करा. डबा संपला की नांदेडला जाऊन रक्त तपासू. रिपोर्ट माझ्याकडे आणा. या वेळी मी वाचण्यात चुकणार नाही. आणि आला नाहीत, तर मुली रोज त्या ओळीत लिहितील, शेठ आज आले नाहीत. वही तालुक्याला तपासायला जाते. तिथले लोक वाचतील.

माझीही सुटका मी करून घेतलेली नाही. वहीच्या त्याच पानावर मी काल लिहिलं आहे. "ताईंचं चांगलं तेल मी बंद करायला लावलं आणि ते मी खाल्लं." खाली माझी सही आहे. दरवर्षी नव्या मुलींना हा धडा शिकवताना ते पान मी वर्गात मोठ्यानं वाचणार आहे. सिद्धार्थ, पुढच्या दिवाळीत बाटली आणलीस तर मला देऊ नकोस. मावशींच्या हातात दे, मुलींच्या चटणीत पडू दे.

आई, तुमची लेक मी तुम्हाला परत देऊ शकत नाही. मी तुमच्या पाया पडते.

निर्मलाताई, तुम्ही रोज सकाळी मला जय भीम म्हणायच्या आणि मी नमस्कार म्हणायचे. बावीस वर्षं मी तुमचा शब्द तुम्हाला परत दिला नाही. जय भीम, ताई.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. शेठ, तुम्हीही उभे राहा, वाटीकडे तोंड करून. मौन संपलं की आत या. मावशींनी कढई चढवली आहे, आणि वहीत आजची ओळ तुमच्यासाठी रिकामी आहे.