बाप्पापुढचं जिनसेंग

काही लोकांना दुसऱ्याच्या झाडाचं पान दिसलं की हात शिवशिवतात, आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं असतं.

इथे अमेरिकेत, हर्नडनला सुधाकाकूंच्या घरामागच्या झाडीत, त्यांना विचारून, मी जिनसेंग लावलं होतं. जंगलातलं हे औषधी मूळ चोर उपटून नेतात, म्हणून आपणच ते लावून जगवलं पाहिजे, असं भाषण मी मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला ठोकायचो. तीन वर्षांनी पहिल्यांदा लाल फळं धरली. त्यातलं बी पेरून मी रोपं वाढवणार होतो.

गणपतीला काकूंकडे आरतीला गेलो, तर ती फळं पानांसकट मूर्तीपुढे, दूर्वांच्या शेजारी.

"काकू, हे माझं जिनसेंग आहे."

"असेल. एकवीस पत्री इथे कुठून आणू मी? सतरावर अडले होते. शिवाय बाप्पाला लाल आवडतं."

"त्यात बी आहे, काकू. फळं तेवढी परत द्या."

"देवाला वाहिलेलं परत मागतोस? शिकलास कशाला इतका? आणि मुळाला मी हातही लावला नाहीये."

"मूळ तयार व्हायला अजून चार वर्षं लागतील. तोवर दर वर्षी नवीन बी पेरायला नको?"

काका इतका वेळ निरांजनात वाती घालत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "चार वर्षं म्हणतोस. व्हिसा किती उरलाय रे तुझा?"