तळीच्या मातीचं घर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो. हेतू चांगला, मन स्वच्छ, तरी हातून पाप घडतं का? माना डोलावू नका. आधी ऐका.

आंबेखोल गावात मृणाल आणि यशोधन केळुसकर हे शहरातलं जोडपं राहायला आलं. सिमेंटच्या भट्ट्या हवा नासवतात, म्हणून घर मातीचंच बांधायचं ठरलं. वाईट का? छे, उत्तमच! आपल्या पत्र्याखाली तर पापडसुद्धा आपोआप भाजतो.

पण माती कुठली? तर गावच्या तळीच्या तळाची. चिकण, लोण्यासारखी. गाव म्हणालं, गाळ निघतोय, न्या. ट्रॅक्टर लावून पार मुरूम लागेस्तोवर खरवडली. घर झालं देखणं. वैशाखातही गार.

पुढच्या पावसात तळी भरली, आणि होळीच्या आतच कोरडी पडली. गुरं काठावर हंबरत उभी.

अन् एका तिन्हीसांजेला मृणालनं भिंतीला हात लावला, तो ओला! आत काही वाजल्यासारखं झालं, म्हणून तिनं कान लावला. नवऱ्याला हाक मारली.

"माती आहे, ओल धरणारच," यशोधन म्हणाला.

"तू ऐक तरी."

त्यानं कान लावला आणि चटकन मागं सरला. "म्हशी," तो पुटपुटला. "आत म्हशी पाणी पितायत."

सकाळी मृणाल तळीवर गेली. तिथं सगुणाबाई आपली म्हैस घेऊन उभी होती.

"मावशी, पाणी गेलं कुठं?"

"झिरपलं. चिकणमाती गेली. नुसता मुरूम पाणी धरतो होय?"

मृणाल खाली मान घालून परतली. मागं पावलं वाजली. म्हैस! दावं ओढत, कुणी न हाकता, ती थेट घरापाशी आली आणि भिंत चाटू लागली. धावत आलेली सगुणाबाई ओढत होती, पण ती हलेना.

मृणाल दारातच बसली. "मागची खोली पाडू या," ती म्हणाली.

"आपल्या घराची?" यशोधननं विचारलं.

"तळीच्या मातीची."

पावसाआधी खोली पाडली. माती तळीत पसरली, साऱ्या गावानं गुरं घालून तुडवली. त्या साली पाणी टिकलं, पण अर्धंच. उरलेली माती अजून पुढच्या दोन खोल्यांत आहे. त्या भिंतींना कान लावायचा धीर मृणालला आजही होत नाही.

मातीचं घर वाईट, असं ऐकून घरी जाऊ नका हं. वीट असो, वाळू असो, माती असो, कुणाच्या तरी पाण्याच्या घोटाखालून आपण ती उचललेली असते. भिंतींना कान असतात म्हणता ना? अहो, तहानही असते. आज घरी गेलात की दिवा लावण्याआधी भिंतीवर तळहात ठेवा. ओला झाला, तर देवाला नवस बोलू नका. कुदळ शोधा.