दुसरपणाला चष्मा चालतो

— नाही नाही, उठू नका आक्का, बसा तशाच. दादा येईलच इतक्यात, पेढे आणायला गेलाय. हो, पेढे. माझ्या तोंडून अजून 'हो' निघालेलं नाही आणि आमचा गिरधरदादा हलवायाच्या दारात पोचलासुद्धा. त्याचं तरी काय चुकलं म्हणा — मास्तरीण झालेली बहीण, पंचविशी उलटलेली, नाकावर चष्मा — आणि अशीला मागायला नशिराबादहून माणसं आपणहून दमणी जुंपून येतात! तुमची सून वैशाखात गेली, आज मार्गशीर्ष. सहा-सात महिन्यांत अभिमनरावांना नवी बायको बघायची म्हणजे काही फार घाई नाही केली तुम्ही. लोक महिन्यात करतात. ते बाहेरच बसलेत ना, दमणीत? बसू द्या. उन्हात बसायला त्यांना आवडतं बहुतेक. नाही, मी चिडलेली नाही. पोरींना शिकवून शिकवून आवाजच असा झालाय माझा, वहिनीही हेच म्हणते.

कमलबद्दल बोलू नको म्हणता? बरं. पण मग बोलू तरी कशाबद्दल? तुमची ती सून होती चार वर्षं, माझी वर्गमैत्रीण होती त्याच्या आधीपासून. हायस्कुलात आमच्या अख्ख्या वर्गात मुली दोनच — मी आणि ती. सरांच्या टेबलाशेजारी वेगळं बाक, खिडकीकडे तोंड करून. सर वर्गात शिरले की त्यांच्या मागून शिरायचं, तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडायचं, कोंबडीमागं पिल्लं जातात तसं. आणि ही कमल फळ्यावरचं काहीच लिहून घ्यायची नाही, सगळं माझ्या वहीतून उतरवायची. सरांना वाटायचं आळशी आहे. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग कापसाच्या जिनातल्या मुनिमांना, तिच्या वडलांना, कुणीतरी सांगितलं की पोरीला दिसत नसेल. धुळ्याला नेऊन चष्मा करून आणला. पहिल्या दिवशी चष्मा लावून वर्गात आली, एकदा मागं वळून बघितलं आणि पांढरीफटक पडली. मला म्हणते, "यशे, वर्गातली सगळी पोरं आपल्याकडंच बघतात गं." मी म्हटलं, बाई, दोन वर्षं बघताहेत. — तुम्ही हसलात. हसा. ती हसवायचीच. तुमच्या घरी हसायची का हो? नाही, सहज विचारलं.

आता तुम्हीच आठवून बघा, ह्याच खोलीत आला होता तुम्ही. मला बघायला. विसरला असाल, मी विसरले नाही. माझे वडील होते तेव्हा. आत येऊन म्हणाले, यशोदे, चष्मा काढ. मी म्हटलं, काढते, मग पोहे कुणाच्या मांडीवर सांडायचे तेवढं सांगून ठेवा. नाही काढला. आणि कमल आली होती माझ्या सोबतीला, तिच्या आईनं बजावून पाठवलेलं — परक्या घरी पाहुण्यांसमोर डोळ्यांवर काच नको. तिनं नेमाप्रमाणं काढून ठेवला होता. सुपारीचं तबक तिनंच फिरवलं. तुमच्यासमोर धरलं आणि खाली मान घालून उभी राहिली. तुम्हाला वाटलं, काय पोरीची मर्यादा! अहो आक्का, तबक कुठं संपतं आणि तुम्ही कुठं सुरू होता हे तिला कळत नव्हतं. आणि तुम्ही शेजारच्या बाईला म्हणालात, मला ऐकू आलं, मी दाराआड होते — "पोरगीना डोया दखा, कितला मोठा शेतस." मोठे होतेच. पाणीदार. लांबचं न दिसणाऱ्यांचे असतात तसे. बघायला मला आलात, मागणी तिला घातलीत. जातही एक, कूळही जुळलं, मुनिमांना तर आकाश ठेंगणं झालं. तुमचं तरी काय चुकलं? कुणाचंच काही चुकत नसतं.

मी तिच्या लग्नात जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तिला कळलं होतं, ती पंगतीतनं उठून आली, नव्या नवरीनं उठायचं नसतं तरी. म्हणाली, "तुला हवा होता का गं तो?" मी म्हटलं, छे, असले घोडे कोण घेतो. — हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? वहिनी, चहाचं काय झालं गं? — येतोय. रॉकेल मिळत नाही लढाई सुरू झाल्यापासून, चुलीवर वेळ लागतो.

मग तुमच्या घरी गेली आणि पहिल्याच दिवशी चष्मा तुमच्या ट्रंकेत गेला. रागानं नाही घेतलात, मला माहीत आहे. कमल स्वतः म्हणायची, आक्का मायेनं बोलल्या. "सासरासमोर डोयावर काच लाई फिरशी? बठ्ठं गाव हासी." गाव हसेल. आपल्याकडं गावाला हसायला काही ना काही लागतंच, तुम्ही तरी काय करणार? आणि पोर हुशार. तिनं तुमचं घर हातानं पाठ केलं. खांब कुठला, उतरंड कुठं, माजघराची पायरी कुठं खचलीये. दिवाळीला माहेरी आली की मला सांगायची, "यशे, मला भूगोल आता चांगला येतो, फक्त एका घराचा येतो." मी हसायचे नाही. मी म्हणायचे, सांग की नवऱ्याला. तर ती दुसरंच काहीतरी काढायची.

काय काढताय पिशवीतून? — हां. सवतीचा टाक, गळ्यात घालायचा. बघू. रुप्याचा केलात, छान केलात. नशिराबादच्या सोनारानं का जळगावच्या? आमच्या शाळेतली एक मास्तरीण घालते असा, दुसरपणावर दिलीये तिला. नवं लुगडं घेतलं की आधी त्या टाकाला लावायचं, सणाचा घास आधी तिच्यापुढं ठेवायचा, मग आपण खायचं, म्हणजे गेलेली बाई मागच्या बाईला त्रास देत नाही. मी पोरींना सांगते, असलं काही नसतं. आणि तुम्हाला खरं सांगू का — काल दादानं तुमचा निरोप सांगितला तेव्हा मला पहिल्यांदा हाच आठवला. म्हटलं, कमल गळ्यात राहील. आयुष्यभर. हे कुणाला बोलले नाही मी. सकाळी उठून न्हाले, हे लुगडं नवंच आहे, तुम्ही बघितलंत मघाशी, काठ चाचपून बघितलात. हो म्हणणार होते मी, आक्का. चष्म्याची अटसुद्धा घालणार नव्हते, कारण तुम्हीच म्हणालात आल्या आल्या — आता काय, असू दे चष्मा. दुसरपणाला चष्मा चालतो. माझ्याही मनात आलं, चला, एवढं तरी झालं. कमल गेली आणि एवढं तरी झालं. बघा माणसाचं मन कसं असतं.

ही कमल आहे होय? नाक, दोन टिंबं, कपाळाला कुंकू. सगळ्यांच्या सवती एकाच साच्यातल्या काढतो वाटतं सोनार. — काय म्हणालात? पुन्हा म्हणा. ध्यान नव्हतं? तिचं ध्यान नव्हतं, म्हणून गेली?

थांबा, उठू नका, मी आवाज चढवत नाही. हळू बोलते. मी तुम्हाला हे विचारणार नव्हते, मनाशी ठरवलं होतं, मेलेलं माणूस काही परत येत नाही. पण तुम्हीच काढलंत. वैशाखात कुरडया वाळत घालायला ती तुमच्या धाब्याच्या गच्चीवर चढली. दर साल चढायची. धाब्याच्या कडेला हातभर उंचीचा कठडा, त्याला टेकत टेकत ती शेवटपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. आणि ह्या साली तुम्ही जिना दुसऱ्या अंगाला घ्यायचा म्हणून तेवढा कठडा पाडून ठेवला होता. होता ना? गवंडी यायचा होता, आला नाही, लग्नसराई. मला कोण सांगणार — तुमच्याकडची बेबाबाई, ती होती वर, कुरडया उलटवत. बाजाराला आली होती, शाळेच्या दारात उभी राहून रडली. "वहिनी कठडाले टेकाले गई, बाई. कठडा कोठे व्हता?" एवढंच म्हणत होती, पुन्हा पुन्हा. ध्यान नव्हतं कसं? सगळं ध्यान होतं तिचं, जिथं कठडा होता तिथंच गेला हात. तुम्हाला कुणालाच वाटलं नाही सांगावंसं, कारण तुम्हाला दिसत होतं. दिसणाऱ्या माणसाला काय सांगायचं, बघेलच की. आणि तिला दिसत नाही हे तुम्ही विसरलात. चार वर्षं चष्मा तुमच्याच ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, आणि तुम्ही विसरलात. मारलंत असं मी म्हणत नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, माझ्या दादानं पेढे तरी आणले नसते.

रडू नका. नाही, खरंच रडू नका, मला बघवत नाही. तुम्ही वाईट नाही आहात. तिला किती कमी दिसतं ते तुम्हाला माहीतच नव्हतं म्हणा. पण त्यांना माहीत होतं. ते जे बाहेर बसलेत. गेल्या वर्षीच्या दिवाळीला कमलनंच सांगितलं, लाजत लाजत, मला छळायला म्हणून सांगितलं असेल. तुम्ही कीर्तनाला गेलात की ते तुमची ट्रंक उघडायचे आणि चष्मा काढून तिला द्यायचे. मग ती त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आणि मध्येच थांबून त्यांच्या तोंडाकडं बघायची. म्हणाली, "यशे, किती गं देखणा आहे." तुम्ही यायच्या आत चष्मा परत ट्रंकेत. चार वर्षं, आक्का. स्वतःच्या आईच्या ट्रंकेतनं चोरी करायची हिंमत होती, आणि उजेडात आईसमोर उभं राहून 'तो तिला दे' म्हणायची नव्हती. कठडा पाडला तेव्हा ते घरी होते का? — होते. मला वाटलंच. त्यांनीच गडी लावले असतील.

आणि सगळं माहीत असून मी न्हाले सकाळी. तेवढं तुम्ही कुणाला सांगू नका.

माझ्याकडं असं बघू नका. मला तो — मला ते तेव्हापासूनच —

— हा घ्या तुमचा टाक. नको, माझ्याकडं नको. चहा झाला गं? राहू दे, ह्या निघाल्यात. पेढे काय, दादा शाळेतल्या पोरींना वाटेल, मी सांगेन त्याला. चला, दारापर्यंत येते. हात द्या. पदर सावरा नीट, आणि खाली बघा — आमचा उंबरा उंच आहे, नव्या माणसाला अंदाज येत नाही. सांगायचं असतं, आक्का. एवढंच सांगायचं असतं. या आता.