गुलाबी दुधाची कबुली

सन्माननीय अध्यक्ष रामनाथ पाटीलसाहेब, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आपल्या नर्सबाई कमळताई भोईर, आणि ड्युटी बदलून, काही जण ड्युटी बुडवून आलेल्या शेलार गावच्या बंधुभगिनींनो,

बोलायला माणूस चुकीचा निवडलाय, हे पुढच्या रांगेतल्या बायकांच्या हसण्यावरून मला कळतंय. बाईंनी इथं शेकडो बाळंतपणं सुखरूप केली आणि एक दुकान अर्धं रिकामं केलं. ते दुकान माझं. मी बाळाराम तरे, भिवंडीच्या बाजारातला प्लास्टिकवाला.

तीन वर्षांपूर्वी मी लहान मुलांसाठी तांबडे पेले आणले होते. झाकणाला चोच, अंगावर हत्ती. "पडला तरी फुटत नाही, विलायती माल," असं मी सांगत असे. आता विलायत म्हणजे नेमकं कुठं, हे मी तरी कुणाला विचारलं होतं?

एका बाजाराच्या दिवशी बाई आल्या. "शेठ, पेला दाखवा." मला वाटलं, गिऱ्हाईक! त्यांनी समोरच्या हॉटेलातून कढत दूध मागवलं, पेल्यात ओतलं, झाकण लावलं आणि निवांत गप्पा मारत बसल्या. मग झाकण काढलं. दूध गुलाबी! आणि वास असा, जणू रॉकेलच्या डब्यात खीर शिजवलीय.

"घ्या, प्या."

"बाई, मी चहा पिणारा माणूस."

"तुम्हाला नको, मग तान्ह्या पोराला कसं चालेल? कसलं भंगार वितळवलंय, कुठला रंग घातलाय, सांगता येईल?"

तेवढ्यात गर्दीतला एक लूमवरचा कामगार ओरडला, "सेठ, पी लो ना, विलायती है!"

आता प्रश्न अब्रूचा होता. डोळे मिटून एक घोट घेतला. अध्यक्षमहाराज, त्या चवीचं वर्णन करत नाही, सभेत महिलावर्ग आहे.

पण घोट उतरला आणि मी गारठलो. घरी माझी सात महिन्यांची नात तुळजा पंधरा दिवस दूध ओकत होती. आमच्या सौभाग्यवती गुणाबाई रोज म्हणायच्या, "पोर दूध पीत न्हाय, वाळत चाललीय." मी म्हणायचो, "नखरे हायेत, पाज!" आणि पेला कुणी आणलेला? मीच, कौतुकानं.

दुकान उघडं टाकून धावलो. बाई मागोमाग. पोर सुनेच्या मांडीवर मलूल पडलेली. मी पेला हिसकावला, "माझी चूक," एवढंच म्हणालो आणि रडायला लागलो. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला लागीर झालं. बाईंनी स्टीलची वाटी आणि चमचा उकळून घेतला, दूध कोमट केलं. पहिला चमचा सांडला. दुसरा गिळला. तिसऱ्याला पोरीनं बाईंचं बोट घट्ट धरलं. पुढं आठ दिवस बाई रोज येत राहिल्या, आणि नात सावरली.

मग विकलेले पेले परत मागत मी दारोदार फिरलो. वडपे गावच्या पुतळाबाई काही केल्या देईनात. "त्यात माझी मिश्री हाय!" म्हटलं, आजी, मिश्रीला असू द्या.

काल मी बाईंना विचारलं, "भर बाजारात फजिती का केलीत? एकांतात सांगितलं असतंत तर?"

बाई म्हणाल्या, "तीनदा सांगितलं होतं, शेठ. तिन्ही वेळा तुम्ही मला पेला विकायला बघितलंत."

बाई, चौथ्यांदा आलात, त्याबद्दल आमच्या घराचा नमस्कार. आपण मंडळींनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर ते पोटात घाला. ते दूध तेवढं घालू नका.